पहिल्या धारेची गोष्ट : यवतमाळचा मोह आणि भांड्याचा आकार

१/
अस्सल, निर्भेळ, कसदार गोष्टीला मराठी माणूस सहज 'पहिल्या धारेची' म्हणतो. कविता पहिल्या धारेची असते, विनोद पहिल्या धारेचा असतो. हा शब्दप्रयोग आला दारूच्या भट्टीवरून. भट्टी तापली की नळीतून जी पहिली धार उतरते, ती सर्वांत कडक. भाषेने तिला गौरवाचे स्थान दिले. कायद्याने मात्र ती धार उतरवणाऱ्या हाताला गुन्हेगार ठरवले. हे कसे घडले, याचा हा इतिहास.

२/
स्थळ : यवतमाळ जिल्हा. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधला डोंगराळ, सागवानाचा मुलूख. राळेगाव, घाटंजी, केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या पूर्वेकडच्या तालुक्यांत गोंड आणि कोलाम वस्त्या दाट आहेत. या भागाच्या इतिहासात एका झाडाला फार मोठे स्थान आहे. ते झाड म्हणजे मोह.

३/
मार्च-एप्रिलात, झाडाची पाने गळालेली असताना, मोहाला फिकट पिवळसर, रसदार फुले येतात. ती रात्री उमलतात आणि पहाटेपासून जमिनीवर टपटपू लागतात. उजाडायच्या आत घरातली माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याच्या आसपास साखर असते. म्हणून मोहफूल हे आधी अन्न आहे : ते भाजून खातात, भाकरीत घालतात, गुरांना चारतात. ज्या वर्षी पाऊस दगा देई, त्या वर्षी मोहाने माणसे जगवली.

४/
त्याच साखरेची दारूही होते. वाळलेली फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवतात. या आंबवणाला 'सडवा' म्हणतात. सडवा भांड्यात घालून चुलीवर चढवतात, वाफ थंड करतात आणि दुसऱ्या भांड्यात धार उतरते. भांडे, नळी, गार पाणी आणि सरपण एवढीच सामग्री. जन्म, लग्न, मृत्यू, देवपूजा या प्रसंगी ही दारू गोंड समाजात आधी देवाला आणि पूर्वजांना अर्पण होई, मग माणसांना मिळे. म्हणजे ती कधी आणि कोणासाठी गाळायची, याचे एक वेळापत्रक समाजाकडेच होते.

५/
गावातल्या गरजेपलीकडची दारू गाळून विकणे हा कलार किंवा कलाल समाजाचा परंपरागत व्यवसाय. एकीकडे घरची चूल, दुसरीकडे कलाराची भट्टी. आज ज्याला स्थानिक, लहान प्रमाणावरची मद्यनिर्मिती म्हणतात, तिचे हे दोन जुने नमुने. दोन्हींत भांडे लहान, कच्चा माल जवळचा आणि गिऱ्हाईक ओळखीचे. दारू वाईट निघाली तर ती कोणी गाळली, हे साऱ्या गावाला ठाऊक असे.

६/
दारूवर राज्यसत्तेची नजर इंग्रजांच्या फार आधीपासून आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'सुराध्यक्ष' या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. मद्य कुठे गाळावे, कुठे विकावे, किती विकावे, सारे नियम त्यात आहेत. पण त्याच अध्यायात एक सवलतही आहे : कुटुंबांना विशेष प्रसंगी घरगुती सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावे, उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस मुभा द्यावी. इतक्या कडक राज्यव्यवस्थेनेही घरच्या भांड्यासाठी थोडी जागा सोडली होती. पुढच्या साऱ्या गोष्टीचा कणा हाच : ही जागा कोणी ठेवली आणि कोणी पुसली.

७/
मध्ययुगात दारूवरचा कर वसूल करण्याची रीत ठेक्याची झाली. 'अबकारी' हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी. ठरावीक मुलखाचा हक्क एका माणसाला रकमेच्या बदल्यात द्यायचा, याला मक्ता किंवा गुत्ता म्हणत. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही 'गुत्तेदार' म्हणतात. आणि 'दारूचा गुत्ता' हा शब्द तर सर्वांच्या ओळखीचा. दुकानाच्या नावातच कराराची आठवण राहून गेली आहे.

८/
१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. यवतमाळ तेव्हा स्वतंत्र जिल्ह्याचे नाव नव्हते. हा भाग 'वणी' जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ च्या फेररचनेत पुसद तालुका सामील होऊन 'यवतमाळ' जिल्हा झाला. सीमा बदलल्या, नावे बदलली. सरकारला मोहातून मिळणाऱ्या महसुलाची ओढ मात्र कायम राहिली.

९/
ब्रिटिश अबकारीच्या दोन मुख्य पद्धती होत्या. पहिलीत ठरावीक क्षेत्रात भट्टी लावून दारू विकण्याचा हक्क लिलावात जाई आणि भट्टी गावोगावी विखुरलेली राही. दुसरी मध्यवर्ती भट्टीची : साऱ्या परिसराची दारू एकाच आवारात, सरकारी देखरेखीखाली गाळायची, तिची तीव्रता मोजायची आणि गॅलनमागे कर घ्यायचा. अधिकाऱ्याच्या दृष्टीने दुसरी पद्धत आदर्श होती. शंभर चुलींवर पहारा ठेवण्यापेक्षा एका फाटकावर पहारा ठेवणे सोपे.

१०/
१९०५-०६ च्या इंडियन एक्साइज कमिटीने देशभराच्या पद्धतींची पाहणी केली आणि पुरवठा मोठ्या कंत्राटी डिस्टिलरींकडे देण्याच्या दिशेने धोरण वळले. १९१५ मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा आला. या साऱ्याचा परिणाम एका वाक्यात सांगता येतो : भांडे जितके मोठे तितके ते कायदेशीर, आणि जितके लहान तितके संशयास्पद. लहान भट्टी बाजारातल्या स्पर्धेत हरली नाही. कर मोजण्याच्या सोयीसाठी तिला स्पर्धेतूनच काढून टाकले गेले.

११/
मुंबई इलाख्यात हे आणखी पुढे गेले. १८७८ च्या अबकारी कायद्याने भट्ट्या केंद्रित केल्या. तरी जंगलात मोह होता आणि घरात भांडी होती. मग १८९२ मध्ये 'म्हौरा अॅक्ट' आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यवहारावर या कायद्याने बंधने घातली. दारूवर नव्हे, फुलांवर! जे अन्न म्हणून साठवले जाई, त्याच्या साठ्याचाही जाब द्यावा लागू लागला. झाड जंगलाचे, फूल जमिनीवरचे, आणि परवाना सरकारचा.

१२/
गंमत अशी की सरकारलाही मोहाची किंमत ठाऊक होती. पहिल्या महायुद्धात कॉर्डाइट या स्फोटकासाठी अॅसिटोनची टंचाई पडली, तेव्हा मोहफुलांतील साखर आंबवून अॅसिटोन बनवण्याचा कारखाना नाशिकला उभारण्यात आला. चुलीवरचा सडवा गुन्हा होता. कारखान्यातला सडवा साम्राज्याचा दारूगोळा होता. फूल तेच, फक्त टाकी मोठी.

१३/
मग आदिवासींनी दारूच्या बाजूने लढा दिला का? इतिहास इतका सरळ नाही. १९२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्याकडून दक्षिण गुजरातेत 'देवी'ची लाट पसरली. देवी अंगात येऊन सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि गुत्तेदार-सावकारांवर बहिष्कार टाकला. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर ग्रंथ लिहिला आहे. ज्या दारूने आपली भट्टी नेली आणि वर कर्जही चढवले, त्या दारूला दिलेला तो नकार होता.

१४/
१९३० मध्ये यवतमाळ राष्ट्रीय आंदोलनाच्या मध्यभागी आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. जंगलावर पहिला हक्क कोणाचा, हा त्या सत्याग्रहाचा प्रश्न. त्याच वर्षाच्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे मांडलेल्या अकरा मागण्यांत पहिली मागणी संपूर्ण दारूबंदीची होती. मोह नेमका या दोन मागण्यांच्या तिठ्यावर उभा होता. जंगलाचा हक्क म्हणून तो हवा, आणि दारूचे मूळ म्हणून तो नको.

१५/
१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि १९३८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा झाला. हेतू वेगळा होता. इंग्रजांना महसूल हवा होता, काँग्रेसला सुधारणा. पण लहान भट्टीच्या वाट्याला दोन्ही वेळा एकच उत्तर आले. महसुलाच्या कायद्यात ती चोर होती. सुधारणेच्या कायद्यात ती पापी ठरली. घरच्या विधीसाठीची चूल आणि नफ्यासाठीचा गुत्ता यांतला फरक दोन्हींनी केला नाही.

१६/
स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी अधिनियम केला आणि १९५० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पुढे हा कायदा यवतमाळलाही लागू झाला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, परवाने आले. 'परमिट रूम' हा शब्द त्याच काळाची देणगी. महाराष्ट्रात आजही दारूची दुकाने चालतात ती 'दारूबंदी' या नावाच्या कायद्याखालीच.

१७/
१९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले आणि परवानाधारक देशी दारूची दुकाने सुरू झाली. बाटलीवर 'देशी' लिहिलेले असले तरी आतला माल बहुतांशी साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटचा. तीव्रता सुमारे ४२.८ टक्के. विदर्भाच्या जंगलातले फूल बाहेर राहिले आणि उसाची मळी 'देशी' झाली. यवतमाळच्या खेड्यातला मजूर दारूवर पैसे खर्च करी, तो पैसा गावात न राहता दूरच्या डिस्टिलरीकडे जाऊ लागला.

१८/
आणि गावची भट्टी? ती थांबली नाही, फक्त लपली. ओढ्याच्या काठी, झुडपांत, रात्री. लपलेल्या धंद्याचे नियमही लपलेले असतात. आंबवायला वेळ नाही म्हणून नवसागर पडू लागला. गाळणाऱ्याचे नाव कोणी सांगेना, म्हणून जबाबदारीही कोणाची उरली नाही. जुन्या समाजव्यवस्थेतली लाज आणि ओळख हीच गुणवत्तेची हमी होती. ती गेली आणि तिच्या जागी प्रयोगशाळाही आली नाही. वर्तमानपत्रात तेवढी बातमी येते : 'सडवा नष्ट, मुद्देमाल जप्त.'

१९/
याची किंमत जीवाने मोजावी लागते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे मेली. अशा दुर्घटनांचे मूळ बहुधा फुलांत किंवा गुळात नसते. ते औद्योगिक मिथेनॉलच्या भेसळीत असते. मिथेनॉल शरीरात गेले की आधी दृष्टी जाते, मग प्राण. निर्माता अनामिक आणि माल अनामिक असेल, तिथे भेसळ करणाऱ्याला सर्वांत सुरक्षित जागा मिळते.

२०/
म्हणून यवतमाळच्या स्त्रियांचा राग समजून घेतल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. शेजारचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती. मधल्या यवतमाळात 'स्वामिनी' या नावाने स्त्रियांची चळवळ उभी राहिली. मागणी एकच : जिल्हा दारूमुक्त करा. कर्जबाजारी कोरडवाहू शेती, नवऱ्याचे व्यसन आणि घरातली मारहाण यांनी पिचलेल्या स्त्रीपुढे 'वारसा' हा शब्द फार जपून वापरावा लागतो. बाटली मळीची की मोहाची, याने तिच्या पाठीवरचा वळ कमी होत नाही.

२१/
जगात लहान भट्टीचे काय झाले? स्कॉटलंडमध्ये अठराव्या शतकात मोठ्या करामुळे डोंगराळ भागात चोरटी व्हिस्की गाळली जाई. १८२३ च्या कायद्याने कर कमी केला आणि माफक शुल्कात परवाना दिला. १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. चोरट्या शेजाऱ्यांच्या धमक्यांमुळे तो पिस्तुले बाळगून हिंडे. काही दशकांत चोरटी भट्टी ओसरली आणि जगप्रसिद्ध उद्योग उभा राहिला. माणसे, पाणी, धान्य तेच होते. बदलला होता फक्त कायद्याचा दरवाजा.

२२/
अमेरिकेतही तेच. दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरी बिअर करणे संघराज्याच्या कायद्याने बेकायदाच राहिले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस साऱ्या देशात शंभराहूनही कमी बिअर कंपन्या उरल्या होत्या. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती वापरापुरती बिअर करण्याची मुभा दिली. घरी शिकलेल्या त्या हौशी लोकांतूनच पुढे हजारो लहान ब्रुअरी उभ्या राहिल्या. कौटिल्याने कुटुंबांना दिलेली सवलत आणि कार्टर यांची सही, यांत दोन हजार वर्षांचे अंतर आहे, तत्त्व एकच.

२३/
भारतातही दरवाजे उघडले, पण सर्वांसाठी एकाच वेळी नाही. २००९ मध्ये गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. २००९ मध्येच पुण्यात 'डूलाली' ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. शहरात लहान टाकी प्रतिष्ठेची ठरली. काचेमागची चकचकीत तांब्याची भांडी पाहायला लोक पैसे देऊन येऊ लागले. जंगलातली लहान टाकी मात्र पंचनाम्यातच राहिली.

२४/
मे २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि विकणे यांवरचे निर्बंध उठवले. फूल मोकळे झाले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दर्जा देऊन आदिवासी बचत गटांना निर्मितीची वाट करून दिली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांच्या मद्याला 'देशी'ऐवजी 'विदेशी' मद्याच्या वर्गात घेण्याचा निर्णय केला. यवतमाळच्या जंगलातले फूल कागदावर परदेशी झाले. हा विनोदही पहिल्या धारेचाच!

२५/
प्रश्न उरतो तो दर्जाचा नव्हे, मालकीचा. मोहाचे मद्य उद्या महाग बाटलीत, सुंदर लेबलासह विकले जाईल. पण ते गाळणार कोण? परवान्याचे शुल्क, जागेच्या अटी आणि यंत्रांची किंमत मोठ्या कारखान्याच्या मापाने बेतली, तर कोलाम स्त्रीच्या वाट्याला पहाटे फुले वेचण्याची मजुरी तेवढी येईल. १९१५ चा कायदा न लिहिताही १९१५ चा परिणाम पुन्हा साधता येतो.

२६/
उत्तराची चौकट कायद्यात आधीच आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला. यवतमाळचे राळेगाव, घाटंजी, केळापूर, मारेगाव या भागांतली अनेक गावे त्यात येतात. राज्यात स्त्रियांना दुकान बंद करण्यासाठी मतदान मागता येते : 'उभी बाटली' की 'आडवी बाटली'. पंचवीस टक्के स्त्रियांनी मागणी करायची आणि निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली की दुकान बंद. पण आडवी बाटली चालते ती परवान्याच्या दुकानावर. लपलेल्या भट्टीला ना तपासणी, ना मतदान.

२७/
लहान भट्टी उजेडात आणणे म्हणजे दारूचा प्रसार करणे नव्हे. उजेडातल्या भट्टीला नाव असते, मोजमाप असते, आणि गावाने 'नाही' म्हटले तर ती बंदही करता येते. दीडशे वर्षे यवतमाळच्या मोहाबद्दलचे निर्णय नागपुरात, मुंबईत आणि लंडनमध्ये झाले. झाड मात्र अजून गावाच्या शिवारातच उभे आहे, आणि दर चैत्रात पहाटे त्याखाली टोपली घेऊन पोहोचते ती गावातलीच एक बाई. उभी की आडवी, हा निर्णय तिच्या हाती येईल तेव्हा मोहाचा इतिहास खऱ्या अर्थाने तिच्या अंगणात परतेल.